भुवयांच्या मधोमध

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी मुद्दाम करत नव्हते. एवढं एक वाक्य कुणीतरी माझ्या वतीनं, चार माणसांत, मोठ्यानं बोलावं म्हणून मी वयाच्या तिशीनंतर डॉक्टरांचे उंबरे झिजवले. वर्गात शाई सांडली तर पोराला निदान विचारतात तरी, "मुद्दाम सांडलीस का रे?" मला तेवढंही कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मला फक्त निकाल कळवला.

दोन हजार सात-आठचे दिवस. भुकूमची आमची सोसायटी इतकी नवी होती, की जिन्याच्या कठड्याला अजून रंगाचा वास यायचा आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर रोज शेरडं चरायची. आम्ही सगळे बाहेरून आलेले. कुणी सोलापूरचं, कुणी जळगावचं, मी परभणीची, नवरा नगरकडचा. आम्ही दोघंही हिंजवडीला नोकरीला, पण कंपन्या वेगळ्या. तो त्याच्या कारनं जायचा, मी कंपनीच्या बसनं. "एकत्र का नाही जात?" हे शेजारपाजारच्या प्रत्येकानं विचारून झालं होतं. कारण कारमध्ये तो रेडिओ लावायचा आणि वर बोलायचाही, आणि मला सकाळी दोन आवाज एकदम झेपत नाहीत. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी माझी ठरलेली होती. पिरंगुटच्या पुढे लवळे फाट्याला बस वळली की नांदे येईपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं, आणि कुणी माझ्याशी बोलायचं नाही. अख्ख्या दिवसात मी खरी सुखात असायचे ती तेवढाच वेळ.

कंपनीत माझं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. ते मला इतकं जमायचं की पोरं माझ्याकडे काम पाठवायला घाबरायची. पण कँटीनमध्ये कुणी "काय मग, वीकेंडला काय?" एवढं जरी विचारलं, तरी माझी दातखीळ बसायची. घरी आले की बाथरूममध्ये दिवा न लावता फरशीवर बसून राहायचे. कुकरची शिट्टी मला कानात नाही, दाढेत वाजते. बांगड्यांची किणकिण सहन होत नाही म्हणून बांगड्या घालत नाही. ताटात भाजीला आमटी लागली की जेवण संपलं. न कळवता पाहुणे आले तर पोटात कळ येते, खरी कळ, घाम फुटतो. आता यातलं काय मी हौसेनं करत असेन, सांगा ना!

सोसायटीत माझं काय नाव पडलंय ते मला तोंडावर कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते समोर शेरडं राखणाऱ्या बाईनं. मी गेटपाशी बसची वाट बघत होते. ती काठी टेकून उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "ताई, राग न्हाई ना येनार? तुमी लई गुर्मीत असता म्हनत्यात समद्या जनी. खरं हाय का?"

राग कसला, मला हायसं वाटलं. म्हटलं, "नाही हो. काय बोलायचं तेच सुचत नाही मला."

"आसं व्हय!" ती म्हणाली. "मग ऱ्हाऊ द्या की." आणि शेरडांमागं चालती झाली. पुढच्या आठवडाभरात तिनं ही बातमी सगळ्या जिन्यांमध्ये पोचवली, की त्या ताईंना बोलाय सुचत न्हाई. मग सोसायटीतल्या बायका माझ्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलायला लागल्या. म्हणजे आधी मी गर्विष्ठ होते, आता मतिमंद झाले. तरी विचारलं ते तिनं एकटीनं, हे मी विसरत नाही.

खरा स्फोट झाला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवात. सासूबाई तेव्हा नगरहून आमच्याकडे आल्या होत्या. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम, वर पत्रा, कोपऱ्यात लाउडस्पीकर, आणि सगळ्या विंगांमधल्या बायका एकदम बोलताहेत. मी गेले. काठपदराची साडी नेसून गेले, हे मात्र कुणी कधी धरत नाही. एकीनं हळदीकुंकू लावलं, दुसरीनं मनगटावर अत्तर फासलं, तिसरीनं गुलाबदाणी थेट तोंडावर झटकली. ओलं बोट, वास, पाणी, आवाज, सगळं एकाच वेळी. माझा हात आपोआप मागे गेला. वाण घेतलं गेलं नाही. मी पदरानं तोंड पुसत बाहेर पडले आणि खाली विजेच्या मीटरांच्या खोलीत जाऊन बसले, कारण त्या खोलीला दार आहे. वॉचमननं दार उघडलं तेव्हा मी दोन्ही कानांवर हात दाबून बसलेली होते, आणि कपाळ कोरं होतं. तोंड पुसताना कुंकूही पुसलं गेलं होतं.

झालं! सवाष्णीनं भर कार्यक्रमात वाण नाकारलं आणि कुंकू पुसलं! सासूबाईंना तोंड दाखवायला जागा उरली नाही. घरी येऊन त्या मला काहीच बोलल्या नाहीत, मुलाला बोलल्या. "माज आहे हा. पगाराचा माज. सगळं मुद्दाम करते ती."

नवरा ओरडला नाही. तो ओरडणारा माणूस नाहीच, तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. त्यानं मला सोफ्यावर समोर बसवलं आणि ऑफिसात समजावून सांगतात तसं सांगितलं. "तू डॉक्टरला दाखव. खरंच काही असेल तर मी जन्मभर निभावीन, एक शब्द काढणार नाही. पण काही नसेल, तर ही नाटकं बंद. नाही तर आपण आपापलं बघू."

किती समजूतदार वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं. नंतर भांडी लावताना डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरनं 'आहे' म्हटलं तर मी सुटले. 'नाही' म्हटलं तर नऊ वर्षांच्या संसारातलं माझं प्रत्येक रडणं, प्रत्येक बंद दार नाटक ठरणार होतं, आणि मी जन्माची खोटारडी. मला त्या घरात राहायचं होतं. पण खोटारडी म्हणून नव्हतं राहायचं.

काय असेल याचा अंदाज मला त्याआधीच आला होता. घरी नेट नव्हतं, कंपनीत होतं. कुठल्याशा परदेशी बाईनं स्वतःविषयी लिहिलेली दोन पानं जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि माझा डबा तसाच राहिला. ती पाहुणे आले की कपाटात शिरायची. तिलाही सगळे उद्धट म्हणायचे. चाळिशीत तिला कळलं होतं की हा ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. अहो, स्वतःत मग्न व्हायला मिळतंय कुठं? प्रत्येक ट्यूबचा गूं आवाज, प्रत्येक शिट्टी, लिफ्टमधल्या प्रत्येकाचा सेंट आत येऊन ठाण मांडतो, मलाच आत उभं राहायला जागा नसते, आणि म्हणे स्वमग्न!

मोठ्या माणसाचं हे तपासायचं तर लहानपण पाहिलेलं कुणीतरी सोबत लागतं. माझं लहानपण पाहिलेली एकच व्यक्ती होती, माझी आई. वडील गेल्यावर ती आमच्याकडेच राहत होती. म्हणजे तिच्या भाषेत, जावयाच्या घरी. नवरा हॉलमध्ये आला की ती खुर्चीतून उठायची. त्याच्या आधी ती कधी जेवली नाही. तो बिचारा म्हणायचा, "आई, बसा हो." ती म्हणायची, "बसतच तर असते," आणि आत जायची.

या आईला सगळं माहीत होतं. तिनंच तर सगळं झाकलं होतं. चार वर्षांची होईपर्यंत मी बोलले नव्हते, तेव्हा ती दर शनिवारी मला मारुतीच्या पायावर घालून आणायची. गल्लीत लग्नाचा बँड आला की मी गाद्यांच्या घडवंचीखाली शिरायचे आणि ती दारात उभी राहून लोकांना सांगायची, पोरीला ताप आहे. आणि मी कुणाच्याही डोळ्यांत बघायचे नाही. डोळ्यांत बघणं मला चटका बसल्यासारखं होतं, अजूनही. शाळेत ते खपून गेलं, कारण मुलीनं मान खाली घालून असावं हे आमच्याकडे चांगलंच मानतात. पंचाईत झाली ती मला स्थळं यायला लागली तेव्हा. शिकलेल्या मुलांना आता बोलकी, चटपटीत, नजरेला नजर देणारी बायको हवी होती. एकामागून एक निरोप आले, "मुलगी जरा वेगळी वाटली." मग आईनं मला तालमीला बसवलं.

रोज संध्याकाळी मी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन माजघरातून यायचं आणि आई पाहुण्याच्या जागी बसायची. "माझ्या टिकलीवर बघ. डोळ्यांत नको बघूस, टिकलीवर बघ. समोरच्याला फरक कळत नाही." मनात तीन म्हणायचं, मग ट्रेकडे बघायचं, मग परत टिकली. समोरचा हसला की हसायचं, दात कमी दाखवून. चुकले की ती मांडीला चिमटा काढायची. आणि खरे पाहुणे आले, की ती आधी दाराच्या फटीतून मुलाला न्याहाळायची आणि मला जागा नेमून द्यायची. "याला चष्मा आहे, नाकावरच्या दांडीवर बघ." "याच्या कपाळाला गंध आहे, गंधावर बघ." मी बी.एस्सी.ला जेवढी मेहनत घेतली नसेल तेवढी या अभ्यासाला घेतली. शेवटी आताच्या नवऱ्याकडून होकार आला. त्यानं मध्यस्थाला सांगितलं होतं, "बाकीच्या मुली जमिनीकडे बघत होत्या. ही एकटीच नजरेला नजर देऊन बोलली." आईनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले.

तर आता आईनं फक्त डॉक्टरांना हे सांगायचं होतं. एवढंच.

डॉक्टर पुण्यातले, मोठ्या नावाचे. नवऱ्यानं रजा काढून आम्हाला नेलं आणि तो बाहेरच्या बाकावर बसला. आईनं ठेवणीतली रेशमी साडी नेसली होती आणि डब्यात बेसनाचे लाडू घेतले होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. आत गेल्या गेल्या तिनं डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हिनंच केलेत."

लाडू तिनं केले होते.

डॉक्टरांनी विचारलं, नोकरी काय करता? लग्नाला किती वर्षं झाली? स्वयंपाक येतो? सासूबाईंशी पटतं? मी एकेक उत्तर देत होते आणि मला वाटत होतं, हे सगळं मी कुठंतरी आधी ऐकलंय. मग ते आईकडे वळले. "लहानपणी कशी होती?"

आणि आईनं अगदी त्याच सुरात सुरुवात केली. परभणीच्या बैठकीत सतरंजीवर बसून ज्या सुरात बोलायची, त्याच. "गुणाची हो. कधी म्हणून त्रास नाही दिला. बोलायला? वर्षाच्या आत बोलली की! शिवणकाम, रांगोळी, सगळं येतं. उलट उत्तर माहीत नाही. चारचौघांत छान मिसळते."

मिसळते! मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. आणि मी तरी काय करत होते? माझी नजर डॉक्टरांच्या चष्म्याच्या दांडीवर होती. मनात तीन म्हणत होते. ते हसले की हसत होते. अंगात मुरलेलं होतं, मला थांबवताच आलं नाही.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "हा लहान मुलांचा आजार आहे, त्यातही मुलग्यांचा. तुम्ही शिकलेल्या, कमावत्या, लग्न झालेल्या. आय कॉन्टॅक्ट तर उत्तमच आहे तुमचा. नेटवर वाचलं की आपल्याला सगळंच झालंय असं वाटतं. झोपेची गोळी लिहून देतो. आणि आता एक बाळ होऊ द्या, डोक्याला असले विचार करायला वेळच मिळणार नाही." मग त्यांनी डबा उघडून एक लाडू खाल्ला. "सुंदर झालाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा मिळावा म्हणून जी परीक्षा मला घोटून घोटून पास करायला लावली, त्याच परीक्षेत हा माणूस मला पुन्हा पास करत होता, आणि पास झालीस म्हणून आजारी नाहीस म्हणत होता. चांगली बायको दिसते, म्हणजे बरीच असणार! डोळ्यांत बघते म्हणे. त्यांनी एकदा तरी विचारलं का, बाई, तू नक्की कुठं बघतेस? मुलग्यांचा आजार! मुलग्याला कुणी ट्रे घेऊन फिरवलं असतं तर त्याचाही दिसला नसता.

बाहेर नवरा उठून उभा राहिला. "काय म्हणाले?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काही नाही म्हणाले. सगळं चांगलं आहे."

"बरं," तो म्हणाला. "मग ठरलं तर."

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मी बस सोडून दिली आणि स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मी वर्षाच्या आत बोलले?"

"बोललीस ना पुढं. आता कुठं मुकी आहेस?"

"आणि घडवंची? आणि चिमटे?"

"कोणती आई पोरीला चिमटा काढत नाही गं?"

"काही नव्हतंच, तर मग इतकी वर्षं झाकत काय होतीस?" माझा आवाज इतका चढला की खाली वॉचमननं वर बघितलं असेल. "तुझ्या त्या एका उत्तरानं मी नाटकी ठरले! या घरात उद्यापासून माझ्या डोळ्यातलं पाणीसुद्धा खोटं आहे, कळतंय का तुला?"

तिनं मेथीची जुडी परातीत आपटली. "कुणापुढं सांगू? जावई दाराबाहेर बसलेले! पोर आधीपासून अशीच होती म्हटलं, की ते काय म्हणतील? ठाऊक असून गळ्यात मारली म्हणतील. फसवून दिली म्हणतील. तुला पाठवतील परभणीला. आणि परभणीत आहे काय आता? घर विकलं. मी इथं त्यांच्या छपराखाली राहायलेय, त्यांचं खायलेय. कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हणजे मी नाटकी ठरलेली चालते तुला."

"चालते," आई म्हणाली. "नाटकी बायकोला कुणी टाकत नाही. चार शिव्या घालतात आणि नांदवतात. दोष असलेलीला टाकतात."

मला तेव्हा तिची दया यायला हवी होती. नाही आली. संताप आला, तिचाही आणि तिला हे शिकवणाऱ्या सगळ्या गावाचाही. खरं सांगायचं की नाही हे बाईनं आपलं अंथरूण कुणाच्या घरात आहे ते बघून ठरवायचं! मी तशीच निघाले, नुसतीच पौड रस्त्यानं चालत भूगावपर्यंत गेले आणि परत आले. रस्त्यात ट्रकचे हॉर्न ऐकून दोनदा खाली बसावं लागलं. तेही नाटकच असणार.

पुढे बरेच फोन केल्यावर मला एक डॉक्टर बाई सापडल्या. त्या अशा मुलांसाठी एक छोटी शाळा चालवायच्या. मोठी बाई त्यांच्याकडे कधी आली नव्हती. फोनवर त्या हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे शेवटचं. आणि या वेळी मी आत बसणार." आईनं ते ऐकलं. रात्रीची भाकरी तिनं तशीच झाकून ठेवली. सकाळी निघताना ती रोजच्या सुती साडीत होती आणि हातात डबा नव्हता.

त्या खोलीत शिरल्यावर डॉक्टर बाईंनी पहिलं काय विचारलं असेल? "ट्यूबचा त्रास होतोय का? बंद करू?" बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ट्यूब बंद झाली आणि माझे खांदे आपोआप खाली आले. मग त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "माझ्याकडे बघू नका. दोघी खिडकीतून बाहेर बघत बोलू." बाहेर एक शेवग्याचं झाड होतं. मी त्या झाडाला सगळं सांगितलं, मीटरची खोली, दाढेतली शिट्टी, बसची खिडकी. नवरा मागं बसून अधूनमधून घड्याळ बघत होता, ते मला न बघताही कळत होतं.

मग त्या आईकडे वळल्या. आईनं पदर सारखा केला आणि घसा खाकरला. मला वाटलं, आता सुरू होणार, गुणाची हो. पण बाईंनी हातानंच थांबवलं. "मुलगी चांगली आहे, ते दिसतंय मला. तिचं नका सांगू. हिला वाढवताना तुम्हाला काय काय करावं लागलं, ते सांगा."

 आईनं जावयाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी झाडाकडेच बघत होते, तिला मदत करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"लई करावं लागलं बाई," आई म्हणाली.

आणि मग ती थांबेचना. चार वर्षांचं मुकेपण, शनिवारचा मारुती, ताप आहे म्हणून सांगितलेले खोटे ताप. नव्या फ्रॉकची शिवण टोचते म्हणून मी रडायचे आणि ती प्रत्येक फ्रॉक उलटा करून मला घालायची, हे तर मीही विसरले होते. एकाच पितळी वाटीतून मी जेवायचे, ती वाटी ती लग्नकार्याला जातानासुद्धा पिशवीत न्यायची. शेवटी ती ट्रेवर आली, टिकलीवर आली, चिमट्यांवर आली. "डोळ्यांत बघितलं नाही की पोराकडचे नापसंत करायचे ना. मग शिकवलं. पोरीला नीट मारून मुटकून शिकवलं मी." हे सगळं तिनं जावयासमोर सांगितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

डॉक्टर बाईंनी आणखी बरंच विचारलं आणि मग सरळ सांगितलं, "हा ऑटिझम आहे. जन्मापासूनचा. या मुद्दाम करत नाहीत. मुद्दाम करायचं म्हटलं तरी असं कुणाला करता येणार नाही."

आलं! माझं वाक्य आलं, मोठ्यानं आणि चार माणसांत. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. मी नवऱ्याकडे वळून म्हटलं, "ऐकलंत ना?" त्यानं मान डोलावली आणि कारची किल्ली काढली.

चांदणी चौक ओलांडून बावधन मागे पडेपर्यंत तो नुसता रस्ता बघत गाडी चालवत होता. मी पुढं त्याच्या शेजारी, आई मागं. रेडिओ बंद होता. पुढचा चढ चढताना तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून."

त्यानं गिअर बदलला.

"सरळ फसवणूक आहे ही," तो म्हणाला.

बघा! काही असेल तर जन्मभर निभावीन म्हणणारा हाच. नाही निघालं असतं तर मी नाटकी, निघालं तर फसवणारी. गुन्हेगार मीच, फक्त कलम बदललं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "चुकलं आमचं, जावईबापू." मी वळून बघितलं. तिनं दोन्ही हात जोडले होते.

"आई, हात खाली घे," मी म्हणाले.

तिनं घेतले नाहीत. मी नवऱ्याकडे वळले. "अहो, तुम्ही मला पसंत का केलं होतंत?"

"त्याचं आता काय?"

"नजरेला नजर देऊन बोलली म्हणून. बरोबर?"

"हो. आणि तेही खोटंच निघालं."

"तुमच्या भुवयांच्या मधोमध कांजण्यांचा एक वण आहे," मी म्हटलं. "मसुराच्या डाळीएवढा. नऊ वर्षं मी तुमच्याशी बोलताना त्या वणाकडे बघत आलेय. तुमचे डोळे कसे आहेत ते मला धड सांगता येणार नाही. माझ्या आईनं फसवलं म्हणता ना? मग नऊ वर्षं एका घरात राहून, समोरासमोर बसून, तुम्हाला एकदा तरी कळलं का, की ही बाई आपल्याकडे बघतच नाही?"

भूगावात पुढं ट्रक आडवा लागला होता. कार थांबली. त्यानं वरचा आरसा स्वतःकडे फिरवला आणि कपाळाजवळ बोट नेऊन तो स्वतःचाच वण शोधायला लागला. त्याला तो सापडेना.

मागं आईनं जोडलेले हात सोडले. पुढं वाकली.

"जरा वर बघा," ती जावयाला म्हणाली. "मीच दाखवला होता तिला. दाराच्या फटीतून."